आठ वर्षांच्या आधीची चार वर्षं

अगं,

तुझा मेल परवाच वाचला, पण सोबतची एक्सेल शीट उघडली आणि उत्तर लिहायला दोन दिवस गेले. आठ सेमिस्टरं, आठ रंग, रिसर्चचे तास, शॅडोइंगचे (डॉक्टरांच्या मागे उभं राहून त्यांचं काम बघायचे) तास, व्हॉलंटिअरिंगचे तास आणि सगळ्यात खाली ठळक अक्षरात टोटल. कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू, मी सोफमोर, म्हणजे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, होते तेव्हा माझं वेळापत्रक तळहातावर पेनने लिहिलेलं असायचं. पण त्या अख्ख्या शीटमध्ये मला एकच गोष्ट सापडली नाही, ती म्हणजे तुला नक्की काय शोधून काढायचंय. 'रिसर्च, ६०० तास' असं लिहिलंयस, कशावर ते नाही. एमडी-पीएचडीच्या, म्हणजे डॉक्टरकी आणि संशोधन अशा दोन्ही डिग्र्या एकत्र करायच्या, तयारीत बहुतेकांचं घोडं इथेच अडतं असं मला वाटतं, त्यामुळे पत्र लांबणार आहे, क्लास चालू असताना वाचू नकोस.

आधी पैशाचं बोलून टाकते, कारण तुझ्या मेलमध्ये ते तिसऱ्या ओळीत आहे आणि तुझ्या बाबांनी बहुतेक पहिल्याच ओळीत विचारलं असणार. एनआयएचने, म्हणजे अमेरिकन सरकारच्या आरोग्य संशोधन संस्थेने, १९६४ मध्ये एमएसटीपी सुरू केला, म्हणजे मेडिकल सायंटिस्ट ट्रेनिंग प्रोग्रॅम, आज अमेरिकेत पन्नासच्या वर मेडिकल स्कूल्सना त्याची ग्रँट आहे, तिथे घेतलं की मेडिकल स्कूलची फी माफ आणि वर स्टायपेंड. एमएसटीपीचा शिक्का नसलेलेही बरेच प्रोग्रॅम आहेत, काही पूर्ण पैसे देतात काही अर्धवट, ते प्रत्येकाच्या साइटवर नीट वाचायचं. पण 'फुकटात डॉक्टर' हा हिशोबच मुळात चुकलेला आहे. साधारण आठ वर्षं धर, दोन वर्षं मेडिकल स्कूल, मग तीन ते पाच वर्षं लॅब, मग परत येऊन उरलेली दोन वर्षं वॉर्डात. तुझ्याबरोबर नुसत्या एमडीला, म्हणजे इथल्या डॉक्टरकीच्या मूळ डिग्रीला, लागलेली मैत्रीण चार वर्षांत डॉक्टर होईल, तीन वर्षांची इंटर्नल मेडिसिनची रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलमधलं प्रशिक्षण, संपवेल, तिला अटेंडिंगचा, म्हणजे पूर्ण डॉक्टरचा, पहिला पगार मिळेल आणि तू तेव्हा अजून स्टुडंट आयडी गळ्यात अडकवून फिरत असशील, तुझी रेसिडेन्सी त्याच्याही पुढे. जी फी वाचली त्याहून जास्त पगार बुडतो बऱ्याचदा. ज्याला पैशाचं गणित जमवायचंय त्याने सरळ एमडी करावं आणि कर्ज फेडावं, त्यात काही कमीपणा नाही.

आणि रिसर्च करायला दोन डिग्र्या लागतातच असंही नाही बरं का. जोसेफ गोल्डस्टीन आणि मायकल ब्राउन, १९८५ चं नोबेल, दोघंही नुसते एमडी. जन्मजात कोलेस्टेरॉल भयंकर वाढलेली लहान मुलं त्यांनी बघितली, एवढ्याशा मुलांना हृदयविकार का होतो हा प्रश्न डोक्यात बसला आणि मग अशा पेशंटच्या त्वचेतल्या पेशी लॅबमध्ये वाढवून बघितल्या, नॉर्मल माणसाच्या पेशी बाहेरून एलडीएल, म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण, मिळालं की स्वतःचं कोलेस्टेरॉल बनवणं कमी करतात आणि या मुलांच्या पेशी बनवतच राहतात, कारण एलडीएल आत घेणारा रिसेप्टरच बिघडलेला. आज स्टॅटिन हे औषध एलडीएल कसं उतरवतं ते आपण समजावून सांगतो ते याच रिसेप्टरच्या जोरावर. आता दुसऱ्या बाजूने, एमआरएनए लशीच्या कामासाठी २०२३ चं नोबेल मिळालेले ड्रू वाइसमन, त्यांच्याकडे दोन्ही डिग्र्या आहेत, बोस्टन युनिव्हर्सिटीच्या. म्हणजे दोन्ही रस्ते चालतात. पीएचडी करताना मिळतं काय, तर चार वर्षं कुणीही पेजर न वाजवता एकाच प्रश्नाच्या मागे लागायची मोकळीक, आणि आपण चुकतोय हे ओळखायची सवय. ती तुला हवी आहे का एवढंच बघ, बाकी कॉलर ताठ करायला एक डिग्री पुरते.

चुकण्यावरून माझंच सांगते. ज्युनिअर इयरला, म्हणजे तिसऱ्या वर्षाला, मी ज्या लॅबमध्ये होते तिथे माझं काम होतं एका सेल लाइनवर, म्हणजे लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या पेशींवर, एका केमिकलचा परिणाम बघणं, पेशी किती वाढतात, किती मरतात, मोजायचं, ग्राफ काढायचा. तीन महिने ग्राफ इतके सुंदर आले की मी पोस्टरचा रंगसुद्धा ठरवून टाकला होता. मग एकदा लॅबमधला पोस्टडॉक, म्हणजे पीएचडी झालेला संशोधक, सहज म्हणाला, न्यूक्लियसचा फोटो काढून ठेव, डीएनएला चिकटून निळा चमकणारा डाय असतो तो घालून. घातला. मायक्रोस्कोपमध्ये गोल गोल निळे न्यूक्लियस दिसले, आणि त्यांच्या बाहेर, जिथे पूर्ण काळोख असायला पाहिजे तिथे, कुणीतरी निळी रांगोळी विस्कटल्यासारखे बारीक ठिपके. मला वाटलं डाय नीट धुतला गेला नाही. परत धुतलं, परत ठिपके. पोस्टडॉकने डोळा लावला, दहा सेकंद काही बोलला नाही, मग म्हणाला, मायकोप्लाझ्मा.

हा बॅक्टेरिया इतका बारीक की आपण मीडियम, म्हणजे पेशी वाढवायचं द्रव, ज्या फिल्टरमधून गाळतो त्यातूनही निसटतो, मीडियम गढूळ होत नाही, वास येत नाही, साध्या मायक्रोस्कोपखाली दिसत नाही, आणि तिकडे पेशींचं खाणं खाऊन त्यांची वाढ बदलून टाकतो. म्हणजे तीन महिने मी केमिकलचा परिणाम मोजत नव्हतेच, मायकोप्लाझ्माचा मोजत होते. सगळा डेटा कचऱ्यात, सेल्स ब्लीच करून फेकल्या, इनक्युबेटर पुसून काढला, वरच्या फ्रीझरमधल्या पेशींच्या वायल्स तपासल्या तर त्यातल्याही निम्म्या गेलेल्या. मी तेव्हा बाथरूममध्ये जाऊन रडले होते हे आत्ता सांगायला हरकत नाही.

पण रडून झाल्यावर एक गोष्ट डोक्यात अडकली. आम्ही मीडियममध्ये पेनिसिलीन-स्ट्रेप्टोमायसिन घालायचो, मग हा जगला कसा? बघितलं तर पेनिसिलीन बॅक्टेरियाची सेल वॉल बनण्यात खोडा घालतं, आणि मायकोप्लाझ्माला वॉलच नाही. जी भिंतच नाही ती पाडणार कशी? स्ट्रेप्टोमायसिनलाही हे बऱ्याचदा दाद देत नाहीत. आणि त्याच महिन्यात मी दर शुक्रवारी एका बालरोगतज्ज्ञ बाईंना शॅडो करत होते. एक नऊ-दहा वर्षांचा मुलगा आला, दोन आठवडे खोकला, आधीच्या डॉक्टरांनी अमॉक्सिसिलिन दिलेलं, काही फरक नाही. बाईंनी छाती तपासली, चार प्रश्न विचारले आणि अॅझिथ्रोमायसिन लिहिलं. बाहेर आल्यावर मी विचारलं, तर म्हणाल्या, मायकोप्लाझ्मा असावा, त्याला अमॉक्सिसिलिनचा उपयोग नाही. जात वेगळी पण कूळ तेच! अमॉक्सिसिलिन म्हणजे पेनिसिलीनचंच भावंड. माझा इनक्युबेटर आणि त्या पोराची छाती, दोन्हीकडे एकाच कारणासाठी औषध फेल गेलं होतं. मला हे दोन्ही का करायचंय याचं उत्तर मी तोवर पाठ करून ठेवलेलं होतं, खरं उत्तर त्या कॉरिडॉरमध्ये मिळालं.

आता याचा तुझ्या शीटशी संबंध काय, तर सांगते. ॲप्लिकेशन अॅमकॅसमधूनच, म्हणजे मेडिकल स्कूल्सच्या सामाईक ऑनलाइन अर्जातूनच, जातं, साध्या एमडीसारखंच, ५३०० कॅरॅक्टर्सचा पर्सनल एसे, १५ पर्यंत अॅक्टिव्हिटीज, पण एमडी-पीएचडीला आणखी दोन एसे. एक 'एमडी-पीएचडी का', ३००० कॅरॅक्टर्स. दुसरा रिसर्च एक्स्पीरियन्सचा, त्याला १०,००० कॅरॅक्टर्स. बघ ना, तू डॉक्टर का होणार यापेक्षा जवळजवळ दुप्पट जागा तू लॅबमध्ये काय केलंस याला आहे. तिथे तास चालत नाहीत गं. तिथे प्रश्न काय होता, तू तो कसा तपासलास, तुझा स्वतःचा वाटा कुठला आणि काय निघालं हे सांगायचं असतं. मी पहिल्या ड्राफ्टमध्ये मायकोप्लाझ्मा गाळून टाकला होता, आपली फजिती कशाला सांगा म्हणून. पोस्टडॉकने वाचून विचारलं, तीन महिन्यांचं भोक आहे इथे, तेव्हा काय झोपली होतीस का? मग घातलं. पुढे एका इंटरव्ह्यूमध्ये समोरच्या सरांनी अर्ध्या तासातली वीसेक मिनिटं त्याच पॅराग्राफवर काढली. कधी लक्षात आलं, आधी का नाही आलं, मग दर किती दिवसांनी टेस्ट करायला लागलात, वाचलेल्या वायल्स वाचल्या हे कशावरून ठरवलंत. उलट दुसऱ्या एका ठिकाणी मला विचारलं की तुमच्या त्या शेवटच्या प्रयोगात निगेटिव्ह कंट्रोल (ज्यात परिणाम दिसायलाच नको असा तुलनेचा नमुना) कोणता होता, आणि तो प्रयोग खरं तर लॅबमधल्या ग्रॅड स्टुडंटने, म्हणजे पीएचडी करणाऱ्याने, केला होता, मी फक्त ट्यूबा धरल्या होत्या आणि एसेमध्ये 'आम्ही' असं गुळमुळीत लिहून ठेवलं होतं. तिथे जे काही तोंडातून निघालं ते आठवलं की अजून कान गरम होतात. त्या प्रोग्रॅमकडून नकार आला, आणि त्यांचं चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही.

त्यामुळे दर उन्हाळ्याला नवी लॅब असं जे तू आखलंयस ते मोडून टाक. एक समर बाहेर जा जरूर, एनएसएफ या सरकारी विज्ञान संस्थेचे आरईयू हे उन्हाळी रिसर्च प्रोग्रॅम आहेत, अॅमजेन स्कॉलर्स आहे, काही मेडिकल स्कूल्सचे एमडी-पीएचडीवाले स्वतःचे समर प्रोग्रॅम चालवतात, तिथे हा धंदा करणारी माणसं जवळून बघायला मिळतात. पण मुख्य लॅब एकच ठेव, दोन-अडीच वर्षं, सेमिस्टरमध्येही. पहिलं वर्ष पिपेट धरायला आणि डबे भरायला शिकण्यात जातं, आपलं म्हणावं असं काहीतरी दुसऱ्या वर्षी हाती लागतं, आणि पोरं नेमकी तेव्हाच लॅब बदलतात. पेपर छापून आलाच पाहिजे असं काही नाही, पेपर कधी येतो हे अंडरग्रॅडच्या हातात नसतंच मुळी. पोस्टर कर, लॅब मीटिंगमध्ये उभी राहून बोल, सीनियर थिसिस लिहायची सोय असेल तर सोडू नकोस, कारण तेवढी एकच गोष्ट तुला पहिल्या पानापासून शेवटपर्यंत स्वतः विचार करायला लावते. आणि लॅब बुक रोज लिही. 'आज जमलं नाही' एवढं नाही, का जमलं नसेल असं त्या दिवशी वाटलं ते लिही, दोन वर्षांनी एसे लिहिताना त्याच वह्या कामाला येतात.

लॅब निवडताना पीआयचं, म्हणजे लॅबप्रमुखाचं, नाव बघून हुरळून जाऊ नकोस. तुझा संबंध पीआयशी महिन्यातून एकदा येणार, रोजचा येणार पोस्टडॉकशी नाहीतर ग्रॅड स्टुडंटशी. त्या माणसाला शिकवायचा कंटाळा असेल तर नोबेलवाल्याच्या लॅबमध्येही तू दोन वर्षं टिप बॉक्सच भरशील. आधी एकदा त्यांच्या लॅब मीटिंगला बसू देता का विचार, आणि तिथे सगळ्यात ज्युनिअर माणूस प्रश्न विचारायला घाबरतो का एवढंच बघून ये.

लेटर्सचंही, म्हणजे शिफारसपत्रांचंही, इथेच गुंतलेलं आहे. ज्यांच्याकडे तू दखल घेण्याइतका रिसर्च केलायस त्या प्रत्येक पीआयचं पत्र कमिटीला बघायचं असतं, एक गायब असेल तर का गायब ते विचारतात. महिन्यातून एकदा भेटणारा माणूस पत्रात काय लिहिणार? म्हणून वर्षातून दोनदा स्वतःहून वेळ मागून पीआयसमोर बस, दोन ग्राफ घेऊन जा, एक चाललेला आणि एक फसलेला.

एमकॅट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, आणि जीपीए, म्हणजे ४ पैकी सरासरी ग्रेड, यांवर तुझ्या मेलमध्ये अर्धं पान आहे, माझ्याकडे चार ओळी आहेत. एमकॅट ४७२ ते ५२८, चार सेक्शन, ब्रेक वगैरे धरून साडेसात तास, एमडी-पीएचडीला लागलेल्यांची सरासरी ५१६ च्या आसपास असते आणि जीपीए ३.८ च्या. सरासरी म्हणजे निम्मे साधारण त्याच्या खालचे, हे विसरायचं नाही. बायोकेमिस्ट्री झाल्याशिवाय परीक्षेला बसू नकोस, कार्स या उतारे वाचून उत्तरं द्यायच्या सेक्शनला शेवटच्या महिन्यात घोकून काही होत नाही, आत्तापासून लांबलचक किचकट लेख वाचायची सवय लाव. आणि ऑरगॅनिकच्या त्या एका बी-मायनसवरून इतकं रडायचं काही कारण नाही, पुढचे ग्रेड वर गेलेत ना, झालं.

क्लिनिकलची बाजू मात्र तू फारच पातळ ठेवलीयेस, ४० तास शॅडोइंग आणि बस. तुझा समज दिसतोय की रिसर्च भक्कम असला की बाकीचं खपून जातं. नाही खपत. बऱ्याच ठिकाणी एमडीची कमिटीसुद्धा तुझी फाइल बघते आणि तिला पेशंटजवळ बसलेला माणूस हवा असतो. इंटरव्ह्यूमध्ये हमखास येणारा प्रश्न म्हणजे 'मग नुसती पीएचडी का नाही?' आणि त्याला 'मला माणसांना मदत करायचीये' हे उत्तर पुरत नाही, लस शोधणारा पीएचडीवालाही माणसांनाच मदत करतो. शॅडोइंगमध्ये तू भिंतीला टेकून उभी असतेस. त्यापेक्षा हॉस्पिसमध्ये, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांच्या सेवाकेंद्रात, जा, फ्री क्लिनिकमध्ये दुभाषी हो, तुला हिंदी-मराठी येते ती कामाला येईल, आठवड्याला तीन तास पण वर्षभर. मी हॉस्पिसमध्ये एका आजोबांना रोजचे बेसबॉलचे स्कोअर वाचून दाखवायचे, मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं आणि ते दर वेळी माझे उच्चार सुधारायचे. वैद्यकीय असं त्यात काहीच नव्हतं, पण आजारी माणसाच्या शेजारी नुसतं बसायचं कसं हे मी तिथे शिकले. आणि ते आपल्याला आवडत नाही असं लक्षात आलं तरी चांगलंच, मग आनंदाने पीएचडी कर, आठ वर्षांची पाचेक होतील.

तुझ्या रूममेटसाठी विचारलंस ना, ती एफ-वनवर, म्हणजे स्टुडंट व्हिसावर, आहे म्हणून. तिला गोड बोलून अंधारात ठेवू नकोस. एमएसटीपीचा जो एनआयएचचा पैसा आहे तो फक्त सिटिझन आणि पर्मनंट रेसिडेंट यांनाच देता येतो, तुझं ग्रीन कार्ड आहे म्हणून तुला हा प्रश्न आला नाही. इंटरनॅशनल विद्यार्थी घेणारे प्रोग्रॅम आहेत, ते स्वतःचे पैसे वापरतात, पण मोजके, आणि धोरण बदलत राहतं, त्यामुळे तिने यादी त्या-त्या वर्षी प्रत्येक ऑफिसला थेट मेल करून करावी. एनएसएफच्या आरईयूलाही हीच अट आहे. आधी पीएचडी करून मग ठरवायचं हा रस्ताही तिने मोकळा ठेवावा.

आता गॅप इयर, म्हणजे डिग्रीनंतर मध्ये घेतलेलं वर्ष. तू त्या कॉलमला 'फेल झाले तर' असं नाव दिलंयस ते आधी बदल. सरळ जायचं तर तुला ज्युनिअर इयर संपता संपता, मे-जूनमध्ये, अॅमकॅस भरायला लागेल, म्हणजे एमकॅट त्याच्या आधी आणि एसे लिहायला हातात रिसर्चचं जेमतेम दीड वर्ष. एक-दोन वर्षं लॅबमध्ये फुल टाइम काम करून मग येणारे इथे ढिगाने आहेत आणि त्यांच्याकडे बोलायला खरंच काहीतरी असतं. फॉर्म उघडला की पहिल्या आठवड्यांत भर, सेकंडरीज, म्हणजे प्रत्येक स्कूलचे स्वतंत्र जादा फॉर्म, उन्हाळ्यात येऊन आदळतात, इंटरव्ह्यू साधारण सप्टेंबर ते फेब्रुवारी, आणि ते दोन-दोन दिवसांचे असू शकतात, सहा-सात जणांशी बोलून रात्री जेवताना तिथल्या स्टुडंट्सशी गप्पा. त्या जेवणात प्रोग्रॅमबद्दल जे कळतं ते ब्रोशरमध्ये नसतं. एकच विचार, लॅबमधून वॉर्डात परत येताना तुम्हाला कोण मदत करतं? मी स्वतः चार वर्षांनी वॉर्डात परतले तेव्हा स्टेथोस्कोप उलटा कानात घालून एका आजींसमोर उभी होते, आणि त्याच म्हणाल्या, डॉक्टर, आय थिंक इट गोज द अदर वे.

आईचं कसं करायचं विचारलंयस. तिला 'एवढी वर्षं शिक्षण, मग बाकीचं आयुष्य कधी' असं वाटणारच, माझ्याही आईला वाटलं. माझ्या बॅचमध्ये मधल्या पीएचडीच्या वर्षांत लग्नं झाली, दोघींना मुलं झाली, त्यातली एक तर थिसिस डिफेन्सच्या आदल्या रात्री बाळाच्या तापामुळे जागी होती आणि तरी पास झाली. ही वर्षं म्हणजे आयुष्य सुरू व्हायच्या आधीची वेटिंग रूम असं समजून जो शिरतो तो मध्येच सोडतो, असे दोन जण मी बघितलेत, दोघंही हुशार होते. आईशी बोलायचं असेल तर तिला माझा नंबर दे.

आणि आता काम. त्या शीटची टोटलची ओळ डिलीट कर. तिच्या जागी एका पानावर, इंग्लिशमध्ये नको, मराठीतच, शाळेतल्या पोराला कळेल असं लिही की सध्या तुझ्या लॅबमध्ये कशाचं उत्तर कुणालाच माहीत नाहीये आणि तुला ते का खुपतं. पान रिकामं राहिलं तर ती लॅब तुझी नाही, मग आपण दुसऱ्या पीआयला पाठवायचा मेल मिळून लिहू. त्यात त्यांच्या एका पेपरमधल्या एका आकृतीबद्दल एक खरा प्रश्न पाहिजे, आणि 'पॅशनेट' हा शब्द दिसला तर मी पुढे वाचणार नाही, आधीच सांगते.

रविवारी रात्रीपर्यंत पाठव, सोमवारी माझा क्लिनिक नसतो.

तुझी,
ताई